निदान आणि श्रद्धा : अमेरिकन वैद्यकीय दूरचित्रमालिकांतील एका संघर्षाचा इतिहास

१

विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांच्या संघर्षाचा विचार करताना आपण सामान्यतः गॅलिलिओवरील खटल्याकडे अथवा डार्विनच्या सिद्धान्तावरून उठलेल्या वादळाकडे वळतो. ज्ञानाच्या इतिहासात या घटनांचे स्थान मोठेच आहे. परंतु सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला हा संघर्ष येतो तो रुग्णालयात, आणि तोही बहुधा रात्री-अपरात्री, जवळच्या माणसाच्या उशाशी बसलेला असताना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रसंग सर्वांत सातत्याने, सर्वांत मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर कोणी मांडला असेल तर तो अमेरिकन दूरचित्रवाणीवरील वैद्यकीय मालिकांनी. कथनसाहित्याच्या अभ्यासकांनी या मालिकांकडे केवळ करमणूक म्हणून पाहिल्यामुळे त्यांत साठलेली सांस्कृतिक सामग्री काहीशी दुर्लक्षित राहिली आहे.

१९५४ ते २०१२ या कालखंडातील काही निवडक मालिकांच्या आधारे या संघर्षाची बदलती रूपे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : या मालिकांत वरवर पाहता ईश्वर आहे की नाही यावर वाद चालतो, प्रत्यक्षात वाद असतो तो रुग्णाच्या शरीराचा आणि दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, यावर. डॉक्टर, धर्मगुरू आणि स्वतः रुग्ण असे या अधिकाराचे तीन दावेदार आहेत. मालिकांचा इतिहास हा यांपैकी पहिल्या दोघांतील वाटाघाटींचा इतिहास आहे. तिसऱ्याचा आवाज त्यात फार उशिरा आणि फार क्षीण उमटतो.

२

‘मेडिक’ ही मालिका एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९५४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख कायद्याने समाविष्ट करण्यात आला होता. आणि त्याच वर्षी जोनास सॉल्क यांच्या पोलिओ लसीची प्रचंड प्रमाणावर चाचणी चालू होती. १२ एप्रिल १९५५ रोजी या चाचणीचा अनुकूल निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा देशभर आनंदोत्सव झाला. म्हणजे ईश्वर आणि प्रयोगशाळा या दोहोंवरील विश्वास एकाच समाजात एकाच वेळी उंचावलेला होता. ‘मेडिक’चा जन्म या वातावरणात झाला. लॉस एंजेलिस परगण्यातील वैद्यकीय संघटनेने तिच्या संहिता तपासाव्यात अशी व्यवस्था होती. पुढे १९५५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही चित्रपट व दूरचित्रवाणी यांसाठी सल्लागार समिती नेमली. पडद्यावरील डॉक्टर कसा असावा हे ठरवण्यात वैद्यकीय व्यवसायाचा हात असा आरंभापासूनच होता.

परंतु देखरेख करणारी संस्था एकच नव्हती. १९५६ मध्ये ‘मेडिक’च्या एका भागात सिझेरियन शस्त्रक्रियेने होणारा जन्म दाखवायचे ठरले, तेव्हा न्यूयॉर्कच्या कॅथलिक महाधर्मप्रांताकडून आक्षेप आला आणि वाहिनीने माघार घेतली. हा आक्षेप शस्त्रक्रियेला नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. शस्त्रक्रिया कॅथलिक रुग्णालयांतही होत होत्या. आक्षेप होता तो जन्माचा क्षण घरोघरी उघड्यावर दाखवण्याला. शरीर डॉक्टरांच्या स्वाधीन करण्यास धर्मसंस्था तयार होती. त्या शरीरातील गूढ मात्र आपल्या राखणीत राहावे, असा तिचा आग्रह होता. दूरचित्रवाणीच्या या आरंभकाळात संघर्ष कथेत न येता कथेच्या दाराशीच मिटवला जात होता.

‘मेडिक’चे कर्ते जेम्स मोझर यांनीच १९६१ मध्ये ‘बेन केसी’ निर्माण केली. तिच्या आरंभीचे दृश्य त्या काळच्या प्रेक्षकांच्या कायमचे लक्षात राहिले. एक हात फळ्यावर खडूने पाच चिन्हे काढतो : पुरुषाचे, स्त्रीचे, जन्माचे, मृत्यूचे आणि अनंताचे. यांतील मृत्यूचे चिन्ह क्रूसाचे आहे. खडू आणि फळा ही अध्यापनाची, म्हणजे विज्ञानाची साधने. चिन्ह मात्र धर्माच्या भांडारातून घेतलेले. १९६१ मध्येच सुरू झालेल्या ‘डॉक्टर किल्डेअर’मध्येही वृद्ध गुरू आणि तरुण शिष्य ही मांडणी आहे. या दोन्ही मालिकांत धर्मगुरू क्वचित दिसतो, कारण त्याचे काम ज्येष्ठ डॉक्टरच करतो. तो सांत्वन करतो, उपदेश करतो, चुकलेल्या शिष्याचे पापनिवेदन ऐकून घेतो. धर्माला विरोध न करता त्याची भूमिका हळूच आपल्याकडे घेणे, असे या पर्वाचे वर्णन करता येईल.

३

सत्तरच्या दशकात हे चित्र पालटले. ‘मॅश’ (१९७२–१९८३) या कोरियन युद्धाच्या पार्श्वभूमीवरील मालिकेत फादर मुल्काही हा लष्करी धर्मगुरू शस्त्रक्रियातंबूत डॉक्टरांच्या शेजारी वावरतो. आपला येथे नेमका उपयोग काय, ही शंका त्याला सतत कुरतडत असते. १९७६ मधील एका भागात आघाडीवरून परतताना एका जखमी सैनिकाचा श्वास अडकतो. बिनतारी यंत्रावरून डॉक्टर सूचना देतो आणि फादर खिशातल्या चाकूने त्या सैनिकाच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्याचा जीव वाचवतो. प्रसंग रोमहर्षक आहे. पण त्याचा अन्वयार्थ अस्वस्थ करणारा आहे. धर्मगुरूला स्वतःची सार्थकता गवसते ती डॉक्टरचे काम केल्यावर. मालिकेच्या अखेरच्या भागात या फादरची श्रवणशक्ती स्फोटात जाते. इतरांचे ऐकून घेणे हेच ज्याचे व्रत, त्यालाच ऐकू येईनासे होते.

याच काळात अमेरिकेच्या न्यायालयांत एक वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. न्यूजर्सी राज्यातील कॅरन क्विनलन ही तरुणी १९७५ पासून बेशुद्धावस्थेत कृत्रिम श्वासयंत्रावर होती. ते यंत्र काढावे अशी विनंती तिच्या श्रद्धाळू कॅथलिक मातापित्यांनी आपल्या धर्मगुरूंच्या सल्ल्यानंतर केली. डॉक्टरांनी नकार दिला. ३१ मार्च १९७६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पित्याच्या बाजूने निर्णय दिला. क्विनलन कुटुंबाला आधार होता तो पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणाचा. असाधारण उपायांनी आयुष्य लांबवण्याचे बंधन रुग्णावर नाही, अशी भूमिका त्यांनी त्यात मांडली होती. म्हणजे श्रद्धा मृत्यू स्वीकारायला सिद्ध होती आणि विज्ञान त्याला नकार देत होते. ‘विज्ञान वास्तव पाहते, श्रद्धा आशेला चिकटून राहते’ हे जे सूत्र मालिकांनी पुढे वारंवार वापरले, ते या खटल्यात उलटे झालेले दिसते. अशी उलटापालट प्रत्यक्ष जीवनात होत असूनही मालिकांनी ती फारशी मनावर घेतली नाही, याची नोंद येथे करून ठेवावी लागते.

‘सेंट एल्सव्हेअर’ (१९८२–१९८८) या मालिकेतील बॉस्टनचे रुग्णालय सेंट एलिजियसच्या नावाने, एका धर्मगुरूने स्थापन केलेले आहे. इमारत जीर्ण झाली आहे, पैसा नाही, पण सेवेची जुनी परंपरा कशीबशी टिकून आहे. शेवटच्या पर्वात हे रुग्णालय ‘इक्युमेना’ नावाची कंपनी ताब्यात घेते. सर्व ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याचा निर्देश करणाऱ्या शब्दाशी मिळतेजुळते नाव एका व्यापारी संस्थेला देण्यातील उपहास लपत नाही. विज्ञान आणि श्रद्धा या दोघांच्या भांडणात तिसराच वारसदार घरात शिरला, हे या मालिकेने इतरांच्या आधी ओळखले होते.

४

१९९४ ते २००९ अशी पंधरा वर्षे चाललेल्या ‘ईआर’मध्ये संघर्ष डॉक्टरच्या अंतरंगात उतरतो. डॉ. लुका कोव्हाच हा क्रोएशियातून आलेला कॅथलिक. युद्धात पत्नी आणि मुले मारली गेल्यापासून त्याची श्रद्धा उडालेली आहे. २००१ च्या सुमारास त्याच्याकडे उपचारासाठी येणारा वृद्ध बिशप शरीराने त्याच्या अधीन असतो, परंतु मरणशय्येवरून तोच या डॉक्टरला त्याचे दडवलेले दुःख बोलते करायला लावतो. रुग्ण कोण आणि वैद्य कोण, ही सीमारेषा येथे काही काळ पुसली जाते.

याहूनही महत्त्वाचा प्रसंग जानेवारी २००८ मधील एका भागात आहे. तुरुंगात मृत्युदंडाची अंमलबजावणी करणारा एक निवृत्त डॉक्टर कर्करोगाने मरतो आहे. आपल्या हातून एका निरपराध माणसाचा जीव गेला, या जाणिवेने तो पोळला आहे. रुग्णालयातील तरुण धर्मोपदेशिका त्याच्याशी सौम्य, सर्वसमावेशक, कोणत्याही पंथाला न दुखावणाऱ्या भाषेत बोलते. तो संतापतो. त्याला अशी मोघम उत्तरे नको असतात. त्याला हवा असतो खऱ्या नरकावर आणि खऱ्या क्षमेवर विश्वास असणारा उपदेशक. हा मनुष्य आयुष्यभर विज्ञानाच्या भाषेत बोललेला आहे. रोगनिदानाला जसा ठामपणा असतो तसाच तो क्षमेला असावा, अशी त्याची मागणी आहे. आधुनिक रुग्णालयाने धर्माला जागा दिली, पण ती देताना त्याचे दात काढून घेतले. ही वस्तुस्थिती एवढ्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या मालिकेत आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

५

‘हाऊस’ (२००४–२०१२) या मालिकेत हा संघर्ष प्रथमच कथेच्या केंद्रस्थानी आला. तिचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. मार्च २००५ मध्ये टेरी शायव्हो या फ्लोरिडातील महिलेला अन्न पुरवणारी नळी काढण्याच्या प्रश्नावर अमेरिकन काँग्रेसने खास कायदा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने शाळेतील विज्ञानाच्या तासाला ‘बुद्धिमान रचने’चा सिद्धान्त शिकवणे घटनाबाह्य ठरवले. डॉ. ग्रेगरी हाऊस हा निरीश्वरवादी निदानतज्ज्ञ या पार्श्वभूमीवर उभा आहे. त्याची घडण शेरलॉक होम्सवरून झाली आहे हे सर्वज्ञात आहे, आणि हा वारसा येथे निर्णायक ठरतो. रहस्यकथेला उकल लागते. उकल न झालेली रहस्यकथा वाचकाला फसवणूक वाटते. रोगनिदानाला रहस्यकथेचा साचा दिला की चमत्काराला कथेत जागाच उरत नाही. म्हणजे विज्ञानाचा विजय पात्रांच्या वादविवादात होण्यापूर्वी कथनाच्या बांधणीतच झालेला असतो.

२५ एप्रिल २००६ रोजी प्रक्षेपित झालेला ‘हाऊस विरुद्ध देव’ अशा शीर्षकाचा भाग याचे उत्तम उदाहरण आहे. हस्तस्पर्शाने रोग बरे करणारा पंधरा वर्षांचा प्रवचनकार रुग्ण म्हणून दाखल होतो. कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीला तो स्पर्श करतो आणि तिची गाठ आक्रसल्याचे आढळते. सहकारी फळ्यावर हाऊस आणि देव यांचे गुण मांडू लागतात. शेवटी हाऊस उलगडा करतो : मुलाला नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचा संसर्ग आहे, स्पर्शातून तो त्या स्त्रीला झाला, आणि विषाणूने गाठीवर हल्ला केला. हे स्पष्टीकरण ताणलेले वाटेल. पण त्याला आधार अगदीच नव्हता असे नाही. कर्कपेशींवर विषाणू सोडण्याचे संशोधन तेव्हा चालूच होते आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्वचेच्या एका घातक कर्करोगावर जनुकीय बदल केलेल्या हर्पिस विषाणूच्या औषधाला अमेरिकेत मान्यताही मिळाली.

योगायोग असा की त्याच एप्रिल महिन्यात प्रार्थनेच्या परिणामावरील एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशा दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. प्रार्थना होत आहे हे निश्चितपणे सांगितलेल्या गटात मात्र ते ५९ टक्के होते. आकडे स्पष्ट आहेत. तरीही प्रश्न उरतो, की आजाऱ्याच्या उशाशी बसून हात जोडणारी आई या तक्त्यातील उजव्या रकान्यासाठी हात जोडत असते काय? प्रयोगाने प्रार्थनेला औषध मानले आणि औषध म्हणून ती निष्फळ ठरवली. तिचे इतर काही प्रयोजन असू शकते, हे मोजण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते, आणि ते असावे अशी अपेक्षाही चुकीची ठरेल.

मालिकेच्या लेखकांना ही मर्यादा जाणवली असावी. फेब्रुवारी २००९ मधील एका भागात श्रद्धा गमावलेल्या धर्मगुरूला दारात रक्तबंबाळ ख्रिस्त दिसतो. हाऊस या दृष्टान्ताला लक्षणांच्या यादीत धरून चालतो, आणि निदान सापडत नाही. दृष्टान्त यादीतून वगळताच उरलेली लक्षणे एका दुर्मीळ आनुवंशिक रोगात नीट बसतात. रोग सापडला, पण दृष्टान्ताचा रोगाशी संबंध नव्हता. हाऊसच्या लेखी तो मद्याचा परिणाम व योगायोग. धर्मगुरूसाठी मात्र त्याच्यामुळेच तो रुग्णालयात आला व वाचला. लूर्द येथील चमत्कारांच्या दाव्यांची डॉक्टरांकरवी छाननी करणारे कार्यालय १८८३ पासून आहे. तेथेही रीत अशीच : वैद्यकशास्त्राने सगळे वजा केल्यावर जी बाकी उरेल तिच्यावर धर्माने बोलायचे. परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन संस्था वजाबाकीच्या एकाच रीतीवर विसंबून आहेत.

नोव्हेंबर २०१० मधील एक भाग मराठी वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. मुलीचा कर्करोग बरा झाला तर दर वर्षी स्वतःला क्रूसावर खिळून घेईन, असे देवाशी ठरवलेला एक बाप आता स्वतः आजारी आहे. यासाठी आपल्याकडे ‘नवस’ हा नेमका शब्द आहे, आणि नवस फेडण्यात केवळ भीती नसते, दिल्या शब्दाची प्रतिष्ठा असते, हेही आपण जाणतो. उपचार घेतल्यास करार मोडेल म्हणून बाप नकार देतो. तेव्हा हाऊस त्याला मुलीचा रोग परतल्याचे दाखवणारे खोटे छायाचित्र दाखवतो. देवानेच करार मोडला असे वाटून बाप उपचाराला संमती देतो. जीव वाचतो, पण कोणत्या किमतीवर? सत्याचा कैवार घेणारे विज्ञान येथे सरळ खोटे बोलते आणि फसवून मिळवलेल्या होकाराला संमती म्हणते. अधिकाराचा मूळ प्रश्न इतका उघडा या मालिकेत अन्यत्र क्वचितच पडला असेल.

६

समन्वयाचा मार्गही मालिकांनी शोधून पाहिला आहे. ऑक्टोबर २००५ मधील ‘ग्रेज अॅनाटॉमी’च्या एका भागात मोंग समाजातील तरुणीच्या पाठीच्या कण्यात गाठ असते. तिचा हरवलेला आत्मा परत आणल्याशिवाय शस्त्रक्रिया नको, असे तिचे वडील म्हणतात. डॉक्टर हेलिकॉप्टरने मांत्रिकाला बोलावून घेतात, विधी होतो, मग शस्त्रक्रिया होते. एका तासात सर्वांचे समाधान.

वास्तव इतके सोयीचे नव्हते. कॅलिफोर्नियातील मर्सेड येथील लिया ली या मोंग मुलीला तान्हेपणापासून अपस्माराचे झटके येत होते. तिचे आईवडील आत्मा घाबरून निघून गेला असे मानत. डॉक्टर मेंदूतील बिघाड मानत. डॉक्टर निष्णात आणि कष्टाळू होते, आईवडील मुलीवर जीव टाकणारे होते, आणि एकमेकांची भाषा कोणालाच येत नव्हती. औषधे ठरल्याप्रमाणे दिली जात नाहीत म्हणून मुलीला काही महिने सरकारी आदेशाने परक्या घरी ठेवण्यात आले. १९८६ च्या अखेरीस आलेल्या मोठ्या झटक्यानंतर तिची जाणीव परत आली नाही. डॉक्टरांच्या अंदाजाविरुद्ध ती आणखी पंचवीसहून अधिक वर्षे, २०१२ पर्यंत, आईवडिलांच्या व भावंडांच्या सेवेमुळे जगली. अॅन फॅडिमन यांच्या १९९७ मधील ग्रंथामुळे ही कहाणी जगाला कळली आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांतही पोचली. या कहाणीला खलनायक नाही, उकल नाही आणि शेवटच्या दहा मिनिटांत उजळणारा फळाही नाही. म्हणूनच ती मालिकेच्या साच्यात मावत नाही.

७

या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. पहिल्या पर्वात धर्म पडद्याबाहेरून नियंत्रण करत होता. दुसऱ्यात तो रुग्णालयातील सहकारी झाला. तिसऱ्यात डॉक्टरच्या मनातील जखम झाला. आणि चौथ्यात तो तपासण्याजोगे लक्षण ठरला. प्रत्येक पायरीवर विज्ञानाचा अधिकार वाढत गेला. रुग्णाचा अधिकार मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. धर्मगुरूच्या हातून निसटलेला निर्णय बहुधा डॉक्टरच्या हाती जाऊन थांबला.

मराठीत या विषयाची चर्चा ‘श्रद्धा’ आणि ‘अंधश्रद्धा’ या जोडीने होते. ती सीमारेषा कोठे ओढायची यावर आपण दीर्घकाळ भांडलो आहोत, आणि स्वतः डॉक्टर असलेल्या नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण गमवावे लागले, इतकी त्या भांडणाची किंमत मोजली गेली आहे. त्या वर्षअखेरीस महाराष्ट्रात जो कायदा झाला त्याच्या अनुसूचीतील एक तरतूद येथे प्रस्तुत आहे. कुत्रा, साप अथवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे हा तीनुसार गुन्हा आहे. मंत्र म्हणण्याला तेथे बंदी नाही. बंदी आहे ती उपचाराची वाट अडवण्याला. कायद्याच्या रुक्ष भाषेत आलेला हा विवेक मला अनेक मालिकांतील चतुर संवादांहून अधिक परिपक्व वाटतो.

वडिलांच्या अखेरच्या आजारात मी अतिदक्षता विभागाबाहेर नऊ रात्री काढल्या. आत जाताना देवळात जाताना काढतो तशाच चपला बाहेर काढाव्या लागत. आईने दिलेली अंगाऱ्याची पुडी मी परिचारिकेकडे संकोचतच दिली. यंत्राला आणि नळ्यांना धक्का न लावता तिने ती उशीखाली सरकवली आणि तक्त्यावर रक्तदाबाचा आकडा लिहिला. वडील वाचले नाहीत. त्या पुडीने काही साधले असे मी म्हणणार नाही. परंतु आईला जे करायचे होते ते कोणी अडवले नाही, आणि डॉक्टरांना जे करायचे होते तेही कोणी अडवले नाही. साठ वर्षांच्या मालिकांत मी ज्या दृश्याचा शोध घेत होतो ते बहुधा एवढेच होते. त्यात नाट्य अल्प असल्यामुळे ते पडद्यावर फारसे आले नसावे.